समासात लिहिणारी नववी: हायपोथिसिस आणि रेनड्रॉप वर्षभर वापरल्यावर

आधी निकाल सांगते, तपशील मागाहून. वर्गाने मिळून वेबपानं वाचावीत म्हणून काही साधन घ्यायचंच असेल तर हायपोथिसिस घ्या. रेनड्रॉप शिक्षकाने स्वतःपुरतं ठेवलं तरी पुष्कळ झालं. दोन्ही फुकट वापरता येतात. मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जूनमध्ये नववीच्या वर्गावर ही दोन्ही साधनं सुरू केली, आता वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून हातावेगळे झालेत, म्हणून सवडीने लिहितेय.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेनड्रॉप म्हणजे लिंका साठवायची जागा. कप्पे करा, टॅग लावा, एखादा कप्पा चारजणांत वाटून घ्या. हायपोथिसिसचं काम वेगळं आहे. ब्राउझरला त्याचं एक्स्टेन्शन म्हणजे जोडणी बसवली आणि कुठल्याही वेबपानावरचं एखादं वाक्य निवडलं की उजवीकडे पट्टी उघडते आणि तिथे त्या वाक्यावर टीप लिहिता येते. गटातल्या बाकीच्यांनी तेच पान उघडलं की त्यांना ते वाक्य रंगवलेलं दिसतं, टीप वाचता येते, खाली उत्तर देता येतं. टीप मूळ पानात जात नाही, वेगळ्या सर्व्हरवर राहते, त्यामुळे पानाच्या मालकाला विचारायची गरज पडत नाही. 2011 साली सुरू झालेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. गट खाजगी ठेवता येतो, आणि शाळेत तो खाजगीच ठेवावा. मूडल, कॅनव्हाससारख्या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीत बसणारी आवृत्ती संस्थेला विकत घ्यावी लागते, पण आपल्याकडच्या शाळांना त्याशी कर्तव्य नाही.

सुरुवातीलाच अडलं ते खात्यांवर. नववीतल्या पोरांचे स्वतःचे ईमेल नसतात, असले तर पासवर्ड मुंबईच्या मामाला ठाऊक. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येकजण मूल धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. म्हणून पालकसभेत विषय काढला, पोरांची नावं कुठेच न देता गटागटाची खाती मीच उघडली आणि खात्यांची नावं पोरांवर सोपवली. निघालेली नावं मासळीची: बांगडे, पेडवे, सुंगटा, मोरी, आणि एक शाकाहारी गट, कोकम. पालकांपैकी एकांनी विचारलं, "बाई, मोबाईल हातातून सुटत नाय म्हणून आमी वराडतो, आनि तुमी आनखी देतास?" प्रश्न रास्त होता. काम शक्यतो शाळेच्या संगणक कक्षातच होईल असं कबूल केलं आणि ते पाळलंही.

रेनड्रॉपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्या चाचणीपर्यंत आमच्या सामायिक कप्प्यात लिंकांचा नुसता ढीग झाला. पोरं लिंक टाकतात, उघडत नाहीत. टॅगांची तर दैना: विजयदुर्ग, विजयदूर्ग, विजय दुर्ग आणि इंग्रजीतला एक, असे चार टॅग एकाच किल्ल्याला. यंत्राच्या लेखी हे चार वेगळे किल्ले. मग टॅगांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात कायमची लिहून ठेवली, त्यातलाच टॅग लावायचा असा नियम केला, तेव्हा जरा शिस्त आली. माझ्या स्वतःच्या तयारीसाठी मात्र ते मला आवडतं. फुकटच्या खात्यावरही लिंकांच्या संख्येला मर्यादा नाही. पानाची कायमस्वरूपी प्रत हवी असेल तर पैसे मोजावे लागतात.

एक गोष्ट आवर्जून करा. साठवलेल्या लिंका महिन्यातून एकदा एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. या धंद्यात कोण कधी दुकान बंद करेल याचा नेम नाही. 2003 साली निघालेलं डिलिशियस हे सामायिक बुकमार्किंगचं पहिलं मोठं नाव. 2005 मध्ये याहूने ते घेतलं, पुढे हात बदलत बदलत 2017 मध्ये ते पिनबोर्ड या प्रतिस्पर्धी सेवेच्या मालकाकडे गेलं आणि नवीन काही साठवणं बंद झालं. मोझिलाने पॉकेट ही लेख साठवून ठेवायची सेवा 8 जुलै 2025 रोजी बंद केली. एका सेवेवर माझ्याही जुन्या पाठटिपणांच्या लिंका होत्या, तिचं नाव घेत नाही. एक दिवस ती उघडेनाशी झाली आणि कळवायची तसदी कुणी घेतली नाही.

आता मुद्द्याचं. हायपोथिसिसने वर्गात नेमकं काय केलं ते एका उदाहरणावरून सांगते, कारण ते उदाहरण आमच्या दारातलं आहे.

आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे, म्हणजे गोऱ्या साहेबाने दुर्बीण लावली ते चौथरे दाखवतात, 18 ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथून दुर्बीण लावली आणि हेलियम सापडला, अशा मजकुराची मराठी पानं इंटरनेटवर हवी तेवढी मिळतात. त्यातलंच एक मी वर्गाला दिलं. काम एवढंच होतं की प्रत्येक गटाने तीन वाक्यं निवडायची आणि प्रत्येकावर एक प्रश्न लिहायचा. उत्तर नको. टॅग दोनच, "संदर्भ हवा" आणि "पटलं". पहिला टॅग मराठी विकिपीडियावरून उचललेला.

पहिल्या दिवशीच्या टिपा वाचून हसूही आलं आणि वैतागही. "छान माहिती." "खूप सुंदर." "अभिमान वाटतो." व्हॉट्सअपवर वाढलेली पिढी, दुसरं काय येणार? पण पेडव्यांनी एका वाक्यावर लिहिलं होतं, "ह्यां खयसून इलां?" म्हणजे हे कुठून आलं? बस्स, एवढंच. त्याखाली मोऱ्यांनी विचारलं, "लॉकियर ऑगस्ट 1868 मध्ये कुठे होता?"

या प्रश्नावर पुढचे दोन आठवडे गेले. पोरांनी इंग्रजी पानं उघडली, कठीण शब्दांवर एकमेकांसाठी मराठीत टिपा लिहिल्या, आणि हळूहळू चित्र जुळत गेलं. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात आंध्रातल्या गुंटूरला पिएर जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी आपलं निरीक्षण 20 ऑक्टोबर 1868 रोजी तिथूनच केलं, ग्रहण नसताना. सोडियमच्या जोडरेषांशेजारची पिवळी रेषा ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ग्रीक सूर्यदेवावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो वायू हाती लागला 1895 मध्ये, विल्यम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत.

मग साहेबाचे ओटे कुठून आले? याचं उत्तर बांगड्यांनी शोधलं. लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे 30 वर्षांनी. तोवर हेलियम सापडून, नाव पडून, बाटलीत बंद होऊन झाला होता. त्या ग्रहणावरचा त्यांचा शोधनिबंध आहे, त्यात किल्ल्याचं नाव "विझियाद्रुग" असं पडलंय. हे स्पेलिंग हाती लागेपर्यंत पोरांना शोधयंत्रात काही सापडत नव्हतं. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते, हेही त्याच ओघात निघालं. मलाही ते नवीन होतं.

मूळ लेखातल्या "1868" या आकड्यावर आज पोरांच्या टिपांची रांग लागली आहे. शेवटची टीप कोकम गटाची: "साल चुकलं, जागा बरोबर." एका मुलीने वर्गात विचारलं, "म्हणजे आता हेलियम दिवस बंद करायचा काय?" मी म्हटलं, कशाला? साहेब आले होते ना! तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

हे कागदावर झालं नसतं का? थोडंफार झालं असतं. पण वहीतल्या गृहपाठात पोर मला उत्तर देतं, इथे पेडव्यांनी मोऱ्यांना दिलं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या एका मुलाच्या टिपा वर्गात सगळ्यांत नेमक्या निघाल्या. शिवाय टीप थेट वाक्याला चिकटलेली असते, त्यामुळे "सगळा धडा आवडला" असं मोघम लिहायला जागा राहत नाही.

आता त्रासाच्या गोष्टी. साधन टिपेचा पत्ता कसा लक्षात ठेवतं, तर निवडलेले शब्द आणि त्यांच्या मागची-पुढची 32 अक्षरं साठवून. अशा टिपांसाठी डब्ल्यू3सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणित तंत्र 2017 पासून आहे आणि ते त्याच वळणाचं आहे. पान थोडं बदललं तर टीप आपली जागा शोधून काढते, वाक्यच उडालं तर ती अनाथ होऊन वेगळ्या यादीत पडते. जुलै 2025 मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्गासह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून या किल्ल्यांवरच्या पानांना जो तो हात लावतोय. आमच्या टिपाही त्यात अनाथ झाल्या. उपाय म्हणजे काम देण्याआधी ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करायचं आणि टिपा त्या जतन केलेल्या प्रतीवरच लिहायला लावायच्या.

मराठी पीडीएफ हे दुसरं दुखणं. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली दिसायला ठीकठाक, पण वाक्य निवडलं की मागे इंग्रजी अक्षरांची भेळ निघते. टीप चिकटते, पण शोधल्यावर सापडत नाही. स्कॅन केलेल्या फाइलीत तर निवडायला अक्षरच नसतं. मी अशी पानं गूगल ड्राइव्हमध्ये डॉक्युमेंट म्हणून उघडून मजकूर काढते. जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात, पण निम्मं काम वाचतं.

मोबाईलवर अनुभव यथातथाच. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही, पत्त्याच्या आधी त्यांच्या "व्हिया" सेवेचा पत्ता जोडून पान उघडावं लागतं. बोटाने नेमकं वाक्य निवडताना पोरं मेटाकुटीला येतात. आणि रेंज? खाली वाडीत नसते. ज्यांना घरून टीप टाकायची हौस होती ती वर सड्यावर, म्हणजे पठारावर, जाऊन टाकत. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून तासाला लागणारं पान आदल्या दिवशी छापून ठेवायची सवय मी लावून घेतली. लाईट गेली की त्याच कागदाच्या समासात पेन्सिलने टिपा, आली की चढवायच्या.

गुणांचं विचाराल तर टिपांना मी गुण देत नाही. एका घटकापुरते देऊन पाहिले, तर टिपांची संख्या भराभरा वाढली आणि "छान माहिती" परत आलं. आमच्या इतिहासाच्या सरांचं मत वेगळं आहे, गुण नसतील तर पोरं हात लावणार नाहीत म्हणतात. ते येत्या जूनपासून दहावीला कातळशिल्पांवरची पानं देणार आहेत, गुणांसकट. मी नवीन नववीला तेच हेलियमचं पान देईन, पण नव्या गटात. जुन्या टिपा दिसल्या तर शोधायला काय उरणार?