साल्सा टायमिंगचा व्हिडिओ कोर्स: कान तयार होतो, हात राहून जातात

साल्सा या जोडीच्या नाचाच्या, नवशिक्यांसाठीच्या या ऑनलाइन कोर्सचं खरं बळ पहिल्या भागात आहे. पाऊल टाकण्याआधी तो ऐकायला लावतो. मोजणी आठ ठोक्यांची. काउबेलचा (धातूच्या घंटेचा) जड ठोका १, ३, ५, ७ वर. कोंगाचा (हाताने वाजवायच्या उंच ढोलाचा) कोरडा स्लॅप, म्हणजे चापट, २ आणि ६ वर, तर ४ आणि ८ वर मोकळे जोडठोके. एकेक वाद्य सुटं करून ऐकवलंय, आधी संथ, मग चढत्या लयीत.

बहुतेकांचं बिघडतं ते ४ आणि ८ वर. तिथे नवं पाऊल नाही, पण वजन सरकत राहायला हवं. चौथा गिळला की पाचवं पाऊल लवकर पडतं आणि जोडीदार ओढला जातो. कॅमेरा इथे थेट घोट्यांवर आणलाय, हे फार बरं केलं.

ऑन-टू, म्हणजे दुसऱ्या ठोक्यावर ब्रेक घेऊन नाचायची पद्धत, मात्र उरकलीय. ब्रेक (दिशा बदलणारं पाऊल) २ आणि ६ वर येतो एवढं सांगून मंडळी पुढे!

क्रॉस बॉडी लीडची (जोडीदाराला समोरून पलीकडे नेण्याच्या चालीची) पावलं चोख आहेत: लीडने (नेणाऱ्याने) २-३ वर डावीकडे वळून वाट मोकळी करायची, फॉलोने (मागोवा घेणाऱ्याने) ५-६-७ वर सरळ चालत जायचं. पण फ्रेमबद्दल, म्हणजे जोडीतल्या हात-खांद्यांच्या ठेवणीबद्दल, जेमतेम दोन वाक्यं. कोपर शरीरामागे गेलं की इशारा पोचतच नाही, मग लीड दंडाने खेचू लागतो. हे कुठेच दाखवलेलं नाही. एकट्याने सराव करणाऱ्याला चालेल. जोडीने शिकणाऱ्यांनी फ्रेम प्रत्यक्ष शिक्षकाकडूनच दुरुस्त करून घ्यावी.