कूलप्रॉप: टर्बाइनचा हिशोब शिफ्टमध्येच लावायचा असेल तर

साखर कारखान्यांच्या को-जन (वाफेवर वीजनिर्मितीच्या) विभागात काम करणाऱ्या सगळ्यांना मी हल्ली आवर्जून सांगते, कूलप्रॉप वापरून बघा. पाणी, वाफ, हवा, रेफ्रिजरंट यांचे गुणधर्म देणारी ही मोफत, ओपन सोर्स लायब्ररी आहे. पायथनमध्ये एका कमांडने बसते, एक्सेललाही जोडता येते. दाब आणि तापमान दिलं की एन्थाल्पी, म्हणजे वाफेच्या प्रत्येक किलोतली ऊर्जा, हातात. स्टीम टेबल उघडून इंटरपोलेशन करत बसायला नको.

बॅक-प्रेशर टर्बाइनचं, म्हणजे जिच्यातून बाहेर पडणारी वाफ पुढे कारखान्यात वापरली जाते तिचं, उदाहरण घ्या. आत येणारी वाफ ४५ बार अॅब्सोल्यूट, ४५० अंश: किलोमागे ३३२४ किलोज्यूल. एक्झॉस्ट २.५ बार, १६० अंश: २७८६. फरक ५३८. ताशी ६० टन वाफ म्हणजे सेकंदाला १६.६७ किलो, तेव्हा शाफ्टवर जवळपास ९ मेगावॅट. एन्ट्रॉपी तीच ठेवली, म्हणजे कुठलाही तोटा नसलेली टर्बाइन धरली, तर एक्झॉस्टची एन्थाल्पी २६४६ येते, म्हणजे आदर्श टर्बाइनने ६७८ दिले असते. कार्यक्षमता ७९ टक्के. वाफेचा वेग ४० वरून ८० मीटर प्रति सेकंद झाला तरी गतिज ऊर्जेचा वाटा फक्त २.४ किलोज्यूल, आणि इनलेट-आउटलेटच्या उंचीतला फरक तर धरायचीही गरज नाही.

खरी गंमत कंडेन्सिंग टर्बाइनला, जिची वाफ शेवटी कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी बनते. तिथे एक्झॉस्ट ओला असतो. ०.१ बारला तापमान ४५.८ अंशच, मग वाफेत ओलावा ५ टक्के असो की १२. त्यामुळे दाब आणि तापमान देऊन कूलप्रॉपलाच काय, कोणालाच एन्थाल्पी सांगता येणार नाही. अशा वेळी हिशोब उलटा लावायचा: जनरेटरच्या मीटरवरून किलोमागे शाफ्टचं काम काढायचं, ते इनलेटच्या एन्थाल्पीतून वजा करायचं आणि उरलेला आकडा दाबासोबत द्यायचा. वरच्याच वाफेतून किलोमागे ९१७ मिळत असतील तर एक्झॉस्ट २४०७, आणि कूलप्रॉप शुष्कता (ओल्या वाफेतला कोरड्या वाफेचा वाटा) ०.९२६ सांगतं. शेवटच्या ब्लेडांवर किती पाणी आदळतंय हे असं घरबसल्या कळणं मला फार मोलाचं वाटतं.

त्रास आहे तो एककांचा. सगळं पास्कल, केल्विन आणि ज्यूलमध्ये. एरर मेसेजही नवख्याला घाबरवतात, ते सोपे करायलाच हवेत. पाण्यासाठीचं मूळ समीकरण मोठ्या शीटमध्ये रेंगाळतं. तिथे १९९७ चं औद्योगिक सूत्र (IF97) निवडावं, वेग लगेच जाणवतो.

गेजचं मात्र आपणच सांभाळायचं: तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, कूलप्रॉपला अॅब्सोल्यूट, म्हणजे शून्यापासून मोजलेला दाब लागतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. कंडेन्सरचा व्हॅक्युम गेज ०.८५ दाखवत असेल तर आतला दाब ०.१ बार. पुस्तकातला १.०१३ धरला तर तोच ०.१६ होतो आणि संपृक्त तापमान (त्या दाबाला पाणी उकळण्याचं तापमान) ४६ ऐवजी ५६ अंशांच्या जवळ जातं. हॉटवेलच्या (कंडेन्सरच्या तळाशी पाणी साठतं त्या भागाच्या) थर्मामीटरशी ताडून बघा, मगच आकडा टाका.