नववीच्या प्रकल्पासाठी मराठी विश्वकोश की मराठी विकिपीडिया?

नववीच्या मुलांकडून शोधप्रकल्प लिहून घ्यायचा, तर मराठी माध्यमाच्या शिक्षकापुढे पाया म्हणून दोन पर्याय येतात : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत आकाराला आलेला आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो मराठी विश्वकोश, आणि वाचकांनीच २००३ पासून लिहीत आणलेला मराठी विकिपीडिया. दोन्ही मोबाइलवर फुकट वाचता येतात, तेव्हा खर्चाचा प्रश्न उरत नाही. मी दोन्ही वर्गात वापरले आहेत.

भाषेचाच निकष लावला, तर तुलनेचे कारण नाही. विश्वकोशातील नोंद जाणकाराने लिहिलेली, संपादकांनी घासूनपुसून घेतलेली असते आणि खाली लेखकाचे नावही असते. विकिपीडियावर मात्र चांगल्या लेखाच्या शेजारी तीन ओळींचा लेख असतो, आणि त्यापलीकडे यंत्राकडून भाषांतर करून घेतल्यासारखा मजकूर. उताऱ्याचे आकलन शिकवताना मी आजही विश्वकोशच उघडतो.

प्रकल्पाच्या वेळी मात्र हा नेटकेपणाच आड येतो. एवढ्या बांधेसूद परिच्छेदात आपण काय बदलायचे हे मुलांना कळत नाही. ती तो जसाच्या तसा उतरवतात आणि उतरवताना नेमका कंस गाळतात. पहिल्या खंडातील शहरांच्या नोंदींत लोकसंख्येच्या आकड्यापुढे कंसात १९७१ हे जनगणनेचे साल असते. वहीत आकडा येतो, साल येत नाही, आणि वाक्य 'इतकी आहे' असे संपते. महाराष्ट्राची लोकसंख्या १९७१ साली सुमारे ५ कोटी होती आणि २०११ साली ती ११ कोटींच्या वर गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तो कंस किती महत्त्वाचा आहे ते कळते. दोष कोशाचा नाही. त्याने साल छापलेले आहे, आणि ज्ञानमंडळांच्या, म्हणजे विषयवार नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटांच्या मार्फत नव्या नोंदीही येत आहेत. परंतु हे तपासून पाहा, असे त्या पानावरचे काहीच मुलाला सुचवत नाही. संदर्भग्रंथ नोंदीच्या तळाशी, तेही पुष्कळदा इंग्रजी. तिथवर मूल जात नाही. वह्या तपासताना तेच तेच कंस लाल शाईने परत घालण्याचा मला जो कंटाळा आला, त्यानेच माझ्यापुरता निकाल लावला.

विकिपीडियाचे पान आपले उसवलेले टाके झाकत नाही. एखाद्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असे लिहिलेले असते, कोणी कधी काय बदलले ते त्या पानाच्या इतिहासात दिसते, आणि चर्चापानावर वाद घालायला जागा असते. अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. असा बदल लेखात कधी आला आणि कोणत्या आधारावर आला, हे मुलाला स्वतः शोधता येते. मी काम अगदी छोटे देतो : संदर्भ नसलेले एक वाक्य निवडा, त्याला ग्रंथालयातील पुस्तकात किंवा जनगणनेच्या पुस्तिकेत आधार शोधा, आणि आधारासह ते वाक्य आपल्या शब्दांत पुन्हा लिहा. दोन ओळींचेच लेखन, पण ते उतरवून काढता येत नाही. मुलाने केलेली दुरुस्ती दुसऱ्या कोणी उलटवली, तर त्याचे कारण मूल जितक्या ईर्ष्येने वाचते, तितक्या ईर्ष्येने माझे शेरे वाचल्याचे मला आठवत नाही.

गैरसोयी आहेतच. पान बदलत राहते, म्हणून कोणत्या तारखेची आवृत्ती वाचली ते वहीत लिहून घ्यावे लागते; आणि वर्ग मोठा असेल, तर प्रत्येकाचे वाक्य तपासणे शिक्षकाला जड जाते. इतर शिक्षकांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. ज्या शाळेत इंटरनेटचा भरवसा नाही आणि विश्वकोशाचे खंड ग्रंथालयाच्या कपाटात आहेत, तिथे मी खंडच काढीन. फक्त प्रत्येक आकड्यापुढे त्याचे साल लिहिल्याशिवाय वही स्वीकारणार नाही, असे आधीच सांगून ठेवीन.