‘डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत’

मी सोलापुरात पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करते. नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक, या भागातली दुकानं माझ्याकडे आहेत. कुणाचे रोजचे पन्नास, कुणाचे दोनशे. पैसे हातात पडले की मशीनमधून पावती निघते आणि ती दिल्याशिवाय मी पुढच्या दुकानाची पायरी चढत नाही. अकरा वर्षांत एका रुपयाची तक्रार आलेली नाही. हे आधी सांगायचं कारण, दिवाळीच्या सुट्टीत ज्या माणसाने आम्हाला फसवलं त्याच्याकडे मी पावती मागितली नव्हती. आणि त्याने एकाच दिवसात मला दोनदा फसवलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा फसले ते मनाला जास्त लागलंय.

आमच्या वाड्यातली चार बिऱ्हाडं मिळून मालवणला जायचं ठरलं होतं. मोठी-लहान धरून तेरा माणसं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पोरांनी पाणी बघितलेलं ते सिद्धेश्वर तलावाचं नाही तर हिप्परग्याचं. त्यांना समुद्र दाखवायचा आणि जमलं तर बोटीतून डॉल्फिन, एवढीच हौस. शेजारच्या अक्का विड्या वळतात. नातवासाठी त्यांनी आठवडाभर जास्तीचं पान कातरलं आणि दोघांचे हजार रुपये आणून माझ्या हातात ठेवले. सगळ्यांचे पैसे माझ्याकडेच जमा. मी हिशोबाची पक्की म्हणून.

मोबाईलवर मालवणजवळच्या देवबागच्या बोटींची जाहिरात दिसली. निळंशार पाणी, त्यातून उंच उडी मारलेला डॉल्फिन, खाली फोन नंबर. मी फोन लावला. पलीकडचा माणूस पहिलंच वाक्य बोलला, “येवा ताई, कोकण आपलोच असा.” पुढे सगळं गोड. माणशी पाचशे रुपये. संगम, त्सुनामी आयलंड आणि डॉल्फिन, सगळं त्यात आलं. सुट्टीची गर्दी आहे, अर्धे पैसे पाठवा, सकाळची बोट तुमच्या नावावर लिहून ठेवतो. मी विचारलं, एवढ्या लांबून येणार आणि डॉल्फिन दिसलाच नाही तर? तो म्हणाला, “नाही दिसला तर पैसे परत, ताई. आमची गॅरंटी आहे.”

मी त्या दोन शब्दांवर विसंबले. जो माणूस स्वतःहून पैसे परत द्यायचं बोलतो तो लबाड कसा असेल, असं माझ्या मनाने घेतलं.

लाइफ जॅकेटचं मी आठवणीने विचारलं होतं. सासूबाईंनी बजावलं होतं. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, त्यात लहान लेकरं होती. आमच्या जिल्ह्यातली गोष्ट, त्यामुळे बोट म्हटलं की सासूबाईंचा जीव अजून वरखाली होतो. त्या माणसाने लगेच केशरी जॅकेटांच्या थप्पीचा फोटो पाठवला. बोटीचं नाव काय, ते मात्र मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

३,२५० रुपये पाठवताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणाला, मॅनेजरचं खातं आहे. निघायच्या आदल्या दिवशी त्याचाच फोन आला की उरलेलेही आत्ता पाठवले तर सातची पहिली बोट देतो, तेव्हाच डॉल्फिन वर येतात. मी तेही पाठवले. एकूण ६,५०० झाले.

भाऊबीज झाली त्या रात्री ट्रॅव्हलरने निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली आणि मग मालवण. शेंगाचटणी, धपाटे, पोरांच्या अंताक्षऱ्या. त्या प्रवासाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो छान झाला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आम्ही देवबागच्या जेटीवर तेरा जण उभे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे गावाची चिंचोळी पट्टी. धुकं होतं आणि पोरं डोळे फाडून पाण्याकडे बघत होती. मी फोन लावला. बंद. सव्वासात झाले, साडेसात झाले. फोन बंदच. भाऊ एकेका बोटीजवळ जाऊन जाहिरातीतलं नाव विचारत फिरला, कुणी ओळखेना. शेवटी एक वयस्कर बोटवाले पुढे आले. माझ्या मोबाईलमधली जाहिरात त्यांनी लांब धरून बघितली आणि सांगितलं की हा फोटो इथला नाहीच. इथलं पाणी असं निळं नसतं. इथला डॉल्फिन राखाडी, पाठीवर कुबड असलेला. तो श्वास घ्यायला पाठ वर काढतो आणि पुन्हा खाली जातो, अशा उड्या क्वचितच मारतो. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की त्याला हम्पबॅक डॉल्फिन म्हणतात आणि तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो. नुसता फोटो नीट बघितला असता तरी काही तरी चुकतंय हे कळलं असतं, पण सोलापूरच्या माणसाला ते कसं कळणार?

त्यांनी आणखी एक सांगितलं. त्याच आठवड्यात पैसे भरून येऊन असंच उभं राहिलेलं आमचं तिसरं कुटुंब होतं.

मी खाली बसले. माझ्या सहा-साडेसहा हजारांचं नव्हतं काही. अक्का माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या बोटांना तंबाखूचा पिवळा डाग होता, तोच मला दिसत होता.

बोटवाल्या काकांची स्वतःची बोट होती. तिच्या अंगावर नाव, नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला होता. मेरीटाईम बोर्डाच्या परवान्याची प्रत त्यांनी न मागता दाखवली. माणशी चारशे म्हणाले. मी विचारलं, डॉल्फिन नक्की दिसेल ना? “दिसतलेच असा मी काय सांगूक शकत नाय, ताई. दर्या माझ्या हातात नाय.” खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. तो दुसरा निदान गॅरंटी तरी देत होता, असंही मनात येऊन गेलं.

सगळ्यांना बसवण्याएवढे पैसे काढायचं धाडस होईना, परतीचा डिझेलचा खर्च होता. सात जणांना पाठवलं. चार पोरं, अक्का, सासूबाई आणि पोरांकडे बघायला माझे मिस्टर. सासूबाई येणारच नव्हत्या. काकांनी जॅकेट त्यांच्या अंगात घातलं, तिन्ही बकलं लावली आणि खांद्याला धरून जॅकेट वर ओढून बघितलं. ते हललं नाही, तेव्हा त्या बोटीत चढल्या. एका पोराच्या जॅकेटचं बकल सैल होतं, ते काकांनी बदलून दुसरं आणलं. त्यात पाच-सात मिनिटं गेली, पण तोवर बोट सोडली नाही. वहीत सातही जणांची नावं लिहून घेतली.

बोट संगमाकडे गेली. बाकीची मंडळी चहा प्यायला गेली. मी जेटीवर एकटीच. आणि तेवढ्यात त्याचा फोन आला.

त्याची पहिलीच ओळ माफीची होती. रात्री मयत झाली घरात, फोन बंद होता, तुम्ही एवढ्या लांबून आलात, मला झोप नाही. पैसे आत्ताच्या आत्ता परत करतो. आवाज रडवेला होता. मी त्याच्यावर ओरडले, त्याने सगळं ऐकून घेतलं. “ताई, शिव्या द्या, पण पैसे घ्या.” मग म्हणाला, ऑफिसच्या खात्यातून परतावा जातो, त्यासाठी क्यूआर येईल, तो स्कॅन करून पिन टाका की ६,५०० जमा.

रोज शंभर दुकानांत क्यूआर चिकटवलेला बघणारी बाई मी. पिन पैसे देताना टाकतात, घेताना टाकावा लागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच कितीतरी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ते समजावून सांगितलंय. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं, बोट परत यायच्या आत अक्कांचे हजार रुपये माझ्या हातात असले पाहिजेत. ज्याचे पैसे नुकतेच गेलेत त्याला कुणी परत देतो म्हटलं की तो आकडा सोडून दुसरं काही दिसत नाही. माझं तसं झालं. स्क्रीनवर ६,५०० दिसले, मी पिन टाकला. खात्यातून ६,५०० गेले.

तो लगेच म्हणाला, सर्व्हर अडकलाय, उलटी नोंद झाली, पुन्हा एकदा करा, म्हणजे तेरा हजार एकदम येतील. दुसरा क्यूआर आलासुद्धा. या वेळी मी पिन टाकला नाही. माझे हात थरथरत होते. फोन मी ठेवला नाही, त्यानेच ठेवला, आणि त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

भाऊ धावत आला. त्याने तिथूनच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पलीकडच्या बाईंनी बँकेचं नाव, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. तो क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. रडत बसण्यात वेळ घालवू नका, आधी तो शोधा. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकतात, त्याच्या आधी अडवता आले तर येतात. आम्हाला तक्रार क्रमांक मिळाला. सोलापूरला आल्यावर सायबर पोलिसांकडे स्क्रीनशॉट, कॉलची यादी आणि खात्याचा उतारा दिला. दुसऱ्या खेपेच्या पैशातले ४,१०० रुपये पुढच्या एका खात्यात अडकवून ठेवलेत, ते मिळावेत म्हणून अर्ज केलाय. पहिले ६,५०० गेले. ते पाठवून काही दिवस झाले होते, तोवर आम्ही धपाटे बांधण्यात गुंतलो होतो.

बोट दीड तासाने परत आली. माझी लेक उडी मारूनच जेटीवर उतरली. “आई, तो श्वास सोडतो तेव्हा आवाज येतो! फुस्स असा!” मिस्टर सांगत होते, काकांनी लांबूनच इंजिन बंद केलं. पोरं म्हणाली अजून जवळ घ्या, तर काका म्हणाले, त्यांच्या मागे लागायचं नसतं, वाघासारखंच यालाही कायद्याचं संरक्षण आहे. बोट नुसती डुलत राहिली. बऱ्याच वेळाने एक राखाडी पाठ वर आली, छोटा पंख दिसला, पाण्याचा फवारा उडाला, आणि मग थोड्या अंतरावर दुसरी पाठ. सासूबाई हात जोडून बसल्या होत्या म्हणे.

मी ते काही बघितलं नाही. लेक सांगत होती आणि मी हसून ऐकत होते. घरी परतेपर्यंत मी तिला काही कळू दिलं नाही.

सोलापूरला आल्यावर सगळ्यांचे पैसे मी माझ्या पगारातून परत दिले. बाकीच्यांनी थोडं नको-नको करून घेतले. अक्का घेईनात. “पोरानं बघितलं न्हवं? मग झालं की.” हजाराची ती घडी मी त्यांच्या सुपात विड्यांच्या पानाखाली ठेवून आले.

हे लिहायला मला महिना लागला, आणि लिहिलं ते गेल्या सोमवारमुळे. नवी पेठेतले माझे एक कापड दुकानदार पावती घेता घेता म्हणाले, नाताळच्या सुट्टीत आम्ही कोकणात चाललोय, बघा केवढी स्वस्त बोट मिळाली. त्यांनी मोबाईल पुढे केला. निळंशार पाणी, उडी मारलेला तोच डॉल्फिन. नंबर वेगळा, नाव वेगळं. खाली तेच, नाही दिसला तर पैसे परत.

“पाठवले का?” मी विचारलं. म्हणाले, संध्याकाळी पाठवणार होतो.

मी त्यांना दुकानातूनच फोन लावायला लावला. स्पीकरवर तेच, येवा कोकण आपलोच असा. आवाज तोच होता की दुसरा, मला शपथेवर सांगता येणार नाही. मी खूण केली तसं दुकानदारांनी विचारलं, “बोटीचं नाव काय हो? आणि अंगावरचा नोंदणी क्रमांक सांगा, मी लिहून घेतो.” पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग “पाठवतो मेसेज” म्हणून फोन बंद झाला. आज शुक्रवार आहे. दुकानदारांना अजून मेसेज आलेला नाही.