औसा रोडचा ड्रायव्हिंग क्लास: गाडीबरोबर सिग्नल पण शिकवतात

मागच्या एप्रिल-मे मध्ये मी लातूरच्या ह्या क्लासला चारचाकी शिकायला गेले. वय ४३, त्याच्या आधी फक्त स्कूटी, तीपण घर ते भाजी मार्केट एवढीच. रिव्ह्यू टाकायला मुद्दाम वेळ घेतला कारण मला बघायचं होतं की शिकलेलं टिकतंय का, आणि आता आठ महिने झाले रोज गाडी चालवायलेय, पोराला क्लासला सोडणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, महिन्यातून एखादवेळेस माहेरी उदगीरला, म्हणून आता निवांत सगळं लिहिते.

आधी थोडं मागचं सांगते म्हणजे फरक कळंल. दोन वर्षापूर्वी मी दुसऱ्या एका क्लासला पैसे भरले होते, नाव घेत नाही. तिथं १५ दिवसाचा कोर्स, एका गाडीत आम्ही चौघी, प्रत्येकीला दहा मिनिटं, रिंग रोडनं सरळ जायचं आणि सरळ यायचं, त्यातपण अर्धा वेळ स्टेअरिंग त्या शिकवणाऱ्याच्याच हातात. सिग्नल लागला की तो म्हणायचा, "चला चला, पोलीस नाही, काढा गाडी." पहिल्यांदा मला वाटलं हा मस्करी करतोय, पण तो रोजच तसं म्हणायचा. गाडी शिकायच्या पहिल्याच आठवड्यात माणसाच्या डोक्यात हे बसलं तर तो पुढं आयुष्यभर तसंच चालवणार ना. मला तर भीतीच बसली, नंतर गाडीला हात लावला नाही, लर्निंग लायसन्सची ६ महिन्याची मुदत पण तशीच संपून गेली, परत नव्यानं काढावं लागलं.

ह्या क्लासला पहिल्या दिवशी सरांनी गाडीची चावीच दिली नाही. विचारलं, लर्निंगच्या परीक्षेत किती प्रश्न असतात? म्हणलं १५, त्यातले ९ बरोबर आले की पास. तर म्हणले, "मॅडम, जे ६ चुकले तरी चालतात त्याच्यात एखादा लाल दिव्याचा असला तर? माझ्याकडं १५ चे १५ यायला पाहिजेत." आणि खरंच त्यांनी तीन दिवस रोज अर्धा तास नुसत्या पाट्या आणि दिवे विचारले. मला तेव्हा थोडा रागच आला होता, पैसे गाडीसाठी भरलेत म्हणून. आता वाटतंय तेच तीन दिवस सगळ्यात कामाचे होते.

चौथ्या दिवशी गावाबाहेर एका मोकळ्या प्लॉटिंगवर नेलं. तिथं सरांनी जमिनीवर फक्कीनं एक जाड रेघ मारली, क्रिकेटच्या ग्राउंडवर मारतात तशी, आणि म्हणले ही स्टॉप लाइन समजा, लांबून या आणि हिच्या अलीकडं थांबवा. मी थांबवली, मला वाटलं बरोबर थांबली. सर म्हणले खाली उतरा आणि बघा. बघितलं तर पुढचं चाक रेघेच्या हातभर पुढं, फक्की टायरला लागलेली. परत मागं घेतली, परत आले, परत उतरून बघितलं. त्या दिवशी मी वीस-बावीस वेळा तरी गाडीतून उतरले असंल, वरून एप्रिलचं लातूरचं ऊन, घामानं पाठ भिजलेली. पण त्यानं काय झालं, सीटवर बसून आपल्याला रेघ जिथं दिसायची बंद होते तिथून चाक खरं किती पुढं असतं हे अंगात बसलं. आता सिग्नलला गाडी झेब्र्यावर जात नाही, बघावंपण लागत नाही. हे मला कुणीच कधी शिकवलं नव्हतं, नवऱ्यानंपण नाही आणि तो वीस वर्ष गाडी चालवतोय.

मग गावात. शिवाजी चौक, राजीव गांधी चौक, पाच नंबर, सगळीकडं फिरवलं आणि मुद्दाम गर्दीच्या टायमाला. गाडीत सरांच्या बाजूनं पण क्लच-ब्रेक आहेत त्यामुळं भीती वाटत नाही. पिवळ्या दिव्याचं त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहिते कारण आपल्याकडं सगळ्यांचाच समज उलटा आहे, पिवळा पडला की लोक पळवायलेत. सर म्हणतात पिवळा म्हणजे थांबायचं, फक्त रेषेच्या इतकं जवळ आलात की आता ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळंल, तेवढ्यापुरतंच निघून जायचं. पिवळा नुसता उघडझाप करत असंल तर हळू आणि बघून, लाल उघडझाप करत असंल तर पूर्ण थांबून बघून मगच. डावीकडं वळायला सिग्नल लागत नाही हापण गैरसमजच, तिथं तसा बोर्ड किंवा हिरवा बाण असंल तरच जायचं. आणि दिवा एक सांगतोय आणि पोलीस हातानं दुसरं सांगतोय तर पोलिसाचं ऐकायचं. हे सगळं १९८९ च्या जुन्या नियमांच्या जागी २०१७ ला नवीन आलेल्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनच्या हिशोबानं शिकवतात, ती नियमावली छापून बाइंडिंग करून गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलेली आहे, शंका आली की लगेच काढून दाखवतात.

सिग्नलवर उलटे सेकंद दाखवणाऱ्या काउंटरची गोष्ट तर मी सगळ्या ओळखीच्यांना सांगितली. लाल असतो, आकडा ५ वर आला की दुचाकीवाले सरकायला लागतात, ३ ला निम्मे चौकात. सरांनी मला तीन दिवस राजीव गांधी चौकात फक्त हेच बघायला लावलं, की आपले हे पाच सेकंद म्हणजे दुसऱ्या बाजूचा पिवळा, तिकडचा शेवटचा माणूस जिवाच्या आकांतानं पळवत येत असतो कारण त्याला लाल लागायच्या आत निघायचंय, आणि इकडचा आधीच सुटलेला असतो, दोघं चौकाच्या मधोमध भेटतात. म्हणून हिरवा पडल्यावरसुद्धा उजवीकडं बघायचं, डावीकडं बघायचं, मग क्लच सोडायचा. मागच्यांना घाई असते, हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

हॉर्नचा माझा पहिला अनुभव सांगते. नववा की दहावा दिवस, हिरवा पडला, मी पहिल्याच नंबरला, आणि समोर झेब्र्यावर एक म्हातारी, नऊवारी, डोक्यावर गाठोडं, एक हात वर करून तशीच हळूहळू चाललेली. मागून काळीपिवळी, टमटम, बुलेट सगळे हॉर्न वाजवायलेत, मला कानात दुसरं काही ऐकूच येईना, माझा पाय क्लचवर थरथरत होता आणि मी निघणारच होते. सरांनी ब्रेक मारला नाही हो, नुसते शांतपणे म्हणले, "कुठं चाललाव मॅडम? हिरवा तुम्हाला दिसला, तिला दिसला का? जाऊ द्या तिला." मी थांबले. म्हातारी पलीकडं पोचली, वळून बघितलंपण नाही, आणि आमचा हिरवा अजून शिल्लक होता, आम्ही आरामात निघालो. त्या दिवसापासून हॉर्नला मी घाबरत नाही.

गंजगोलाईपण करून घेतली. ज्यांना लातूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मध्ये देवीचं मंदिर, गोल बाजारपेठ आणि त्याला १६ रस्ते येऊन मिळतात, हातगाडे, ऑटो, हमाल, गिऱ्हाइकं सगळं एकाच ठिकाणी. तिथं दिव्यावर काहीच नाही, सगळं नियमावर आणि समजुतीवर. गोल उजव्या हाताला ठेवायचा, आत आधीच फिरत असलेल्याला जाऊ द्यायचं, इंडिकेटर देऊन आपल्या रस्त्याला डावीकडं निघायचं. सकाळी साडेसहाला दुकानं उघडायच्या आत चार फेऱ्या आणि मग एक दिवस संध्याकाळी भर गर्दीत एक फेरी. ती एक फेरी झाली आणि मला वाटलं आता आपण कुठंपण गाडी नेऊ शकतो.

आता पोराचं. माझा मुलगा अकरावीला, नीटची बॅच. आपल्या गावात क्लासेसच्या एरियात संध्याकाळी उभं राहून बघा, १५-१६ वर्षाची लेकरं, बाहेरगावहून शिकायला आलेली पण आणि आपली पण, एका स्कूटीवर तिघं, सिग्नलला कुणी थांबत नाही. माझ्यापण घरी गाडीचा हट्ट चालूच होता. क्लासमध्ये रविवारी थिअरी असते, तिथं सरांनी मोटार वाहन कायद्याचं १९९अ कलम समजावून सांगितलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर आईबाप किंवा गाडीचा मालक जबाबदार, २५ हजार दंड, ३ वर्षापर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या लेकराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आपल्या स्कूट्या त्यात बसतच नाहीत. सिग्नल तोडणंपण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्या वेळेलाच १ ते ५ हजार दंड नाहीतर ६ महिने ते १ वर्ष कैद. मी पुढच्या रविवारी पोरालाच घेऊन गेले. त्यानं मागं बसून सगळं ऐकलं, घरी येऊन काही बोलला नाही, पण गाडीचा विषय त्यानंतर काढला नाही. मला तर ह्या एकाच गोष्टीसाठी फी वसूल झाल्यासारखं वाटलं, लेकराला सोडायला जायचा त्रास मी आनंदानं घेते.

आता कमी काय आहे तेपण लिहिते. शिकायची गाडी जुनी, क्लच लै जड, पहिला आठवडा डावा गुडघा दुखतो. एसी नाही, त्यामुळं उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची ६ ची बॅच घ्या. थिअरीची खोली पत्र्याची, वीस माणसं बसली की घुसमटतं. बायकांना शिकवायला बाई पाहिजे होती, ती नाही, पण सरांचं वागणं अतिशय नीट, कधी आवाज चढवला नाही. रिव्हर्स पार्किंगला दोनच दिवस दिले, मला अजून जमत नाही नीट. आणि रात्रीची प्रॅक्टिस घेत नाहीत हे मला खटकलं, कारण आपल्याकडं दिवाळीनंतर कारखाने चालू झाले की रात्री उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं कित्येकांना रिफ्लेक्टर नाही, ते अंधारात कसं ओळखायचं हे शिकवायलाच पाहिजे. तोंडी सांगितलं त्यांनी, की लांबूनच वेग कमी करा, डिपर द्या, पण प्रत्यक्ष दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी सरांना बोललेय, बघू म्हणले.

फी माझ्या वेळेला साडेपाच हजार होती, आरटीओची सरकारी फी वेगळी आणि तिची पावती वेगळी, मध्ये कुठं एक रुपया जास्तीचा मागितला नाही. २१ दिवस पूर्ण घेतात, दिवसाला कमीत कमी अर्धा तास स्टेअरिंग एकट्या तुमच्याच हातात, कायद्यात हलक्या गाडीसाठी निदान २१ दिवस आणि १० तास सांगितलेत ते खरोखर भरतात, सही करायची वही असते. मध्ये सुट्टी पडली तर दिवस पुढं वाढवून देतात. आरटीओच्या टेस्टला सर स्वतः सोबत येतात पण शब्द काढत नाहीत, मी पहिल्याच वेळेला पास झाले.

५ पैकी ४ स्टार, एक रात्रीच्या प्रॅक्टिससाठी कापला. फोन दुपारी उचलत नाहीत, संध्याकाळी ७ नंतर लावा. आणि घरात अकरावी-बारावीची लेकरं असतील तर रविवारच्या थिअरीला सोबत न्या, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.