टर्बोसाठी घेतलेला पीटीएफई ऑइल होज: दणकट, पण वाकवताना जपा

टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरला, तेल पुरवणारी माझी जुनी लाइन रबराची होती, वरून स्टीलची जाळी. बाहेरून चकचकीत. काढल्यावर कापून बघितली, तर आतलं नायट्राइल रबर कडक होऊन चिरा पडलेल्या. जाळीमुळे हे वरून दिसतच नाही. नायट्राइलला सतत सोसवते ती साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसची उष्णता. टर्बोपाशी तापमान त्याच्या बरंच वर जातं, आणि इंजिन बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबून ती सगळी धग तिथेच कोंडते.

म्हणून या वेळी पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या होजचा किट घेतला. हे अस्तर २६० अंशांपर्यंत टिकतं आणि इंजिन ऑइलचा त्यावर काही परिणाम होत नाही. बसवल्यापासून सगळे सांधे कोरडे आहेत, मी अगदी समाधानी आहे. मात्र याला आत ऑलिव्ह (अस्तराला घट्ट पकडणारी छोटी धातूची कडी) असलेली खास फिटिंग लागतात, रबरी होजची चालत नाहीत. शिवाय या फिटिंगचा सांध्यात टेकणारा भाग ३७ अंशांच्या कोनाचा. ४५ अंशांच्या फ्लेअरवर (नळीच्या पसरट टोकावर) आटे बसले तरी कोन जुळत नाही आणि तेल गळतं.

तक्रार एकच, पण मोठी: हा होज फारसा वाकत नाही. जबरदस्ती केली की अस्तर दुमडतं, आणि एकदा दुमडलेला तुकडा सरळ केला तरी फेकूनच द्यायचा. वळण अडचणीचं असेल तर ९० अंशांत वळलेलं फिटिंग घ्या. उघडी जाळी शेजारच्या वायरी आणि अॅल्युमिनियमसुद्धा घासून कापते, तेव्हा वरून स्लीव्ह चढवा आणि होज क्लॅम्पनं पक्का धरा. किटमध्ये स्लीव्ह नाही, ती द्यायलाच हवी होती.

तांब्याची नळी स्वस्त पडते म्हणून तिकडे वळू नका. इंजिनच्या थरथरीनं तांबं कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. इंजिनला घट्ट बांधलेली स्टीलची नळी मात्र मला आजही चांगला पर्याय वाटते.

किटमधला परतीचा, म्हणजे टर्बोतून तेल इंजिनात परत नेणारा, होज साध्या सिलिकॉनचा निघाला. गरम तेलानं तो फुगतो, त्यातून तेल झिरपतं. तिथे आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेलाच हवा, आणि चांगला रुंद, कारण टर्बोतून निघालेलं फेसाळ तेल निव्वळ स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. तो मी वेगळा घेऊन बसवला.