सांतियागोचे स्मृती संग्रहालय: जाण्याआधी थोडे वाचून जावे

चिलीच्या राजधानीतील ‘स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालय’ जानेवारी २०१० मध्ये खुले झाले. किंता नॉर्माल मेट्रो स्थानकाजवळ ते आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि सोमवारी ते बंद असते.

११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाच्या दालनात हॉकर हंटर विमाने ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर मारा करताना दिसतात (लोंगेवालाच्या लढाईमुळे हे विमान आपल्याकडे निराळ्या कारणाने परिचित आहे). राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे रेडिओवरील अखेरचे भाषणही तेथे ऐकता येते. त्यांच्या आवाजातला संयम कळायला स्पॅनिश यावे लागत नाही. मला मात्र सर्वाधिक वेळ थांबवले ते ‘आर्पिय्येरा’ या कापडी चित्रांनी. उठावानंतरच्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या बायकांनी जुन्या कपड्यांचे तुकडे जाडसर कापडावर शिवून ती केली. गोधडी शिवलेल्या हातांना तो टाका चटकन ओळखू येईल. त्यांतल्या चिंध्यांच्या इवल्या बायका हातात पाटी धरून ‘ते कुठे आहेत?’ असे विचारतात.

संग्रहालयाने स्वतःला ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९९० या लष्करी राजवटीच्या काळाची मर्यादा घालून घेतली आहे. त्याआधीची पार्श्वभूमी दाखवत नाहीत, या टीकेवरून चिलीत बराच वाद झाला. पार्श्वभूमी दाखवल्याने छळाचे समर्थन होत नाही, हे उघडच आहे. तरीही परक्या प्रेक्षकाच्या दृष्टीने त्या टीकेत तथ्य आहे असे मला वाटते. आधीचे सरसेनापती जनरल प्रात्स यांनी राजीनामा दिल्यावर खुद्द आयेंदे यांनीच २३ ऑगस्ट १९७३ रोजी ऑगुस्तो पिनोचेत यांना सरसेनापती नेमले होते आणि अवघ्या १९ दिवसांत त्याच सेनापतीने त्यांची सत्ता उलथवली, हे ठाऊक असेल तर ते पहिले दालन अधिक बोचते. पिनोचेत यांची पुढची चढणही तितकीच बोलकी आहे. सत्ता घेतली ती तिन्ही सैन्यदले आणि पोलीसदल यांच्या चार प्रमुखांनी मिळून; पण १९७४ च्या अखेरीस पिनोचेत राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९७८ मध्ये विरोध करणारे हवाईदलप्रमुख गुस्ताव्हो ली यांना त्यांनी या चौघांच्या सत्ताधारी मंडळातून काढून टाकले. पिनोचेत यांनी पुढेही सत्तेवर राहावे का, यावरच्या १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटल्यावरच त्यांचा राष्ट्राध्यक्षपदावरून जाण्याचा मार्ग ठरला.

एवढा क्रम वाचून गेल्यास निदान तीन तास हाताशी ठेवावेत. फलक मुख्यतः स्पॅनिशमध्ये असल्याने ध्वनिमार्गदर्शक घेणे सोयीचे. छळाच्या साधनांचा भाग लहान मुलांना दाखवण्याजोगा नाही.